कायद्यात बसले म्हणजे झाले का?



आजच्या शुभवर्तमानात परुशी आणि हेरोदी येशूला शब्दांत पकडायला येतात. कैसराला कर द्यावा की नाही? येशू त्यांच्याकडून नाणे मागून घेतो, त्यावरची मुद्रा कोणाची ते विचारतो आणि कैसराचे कैसराला व देवाचे देवाला द्यायला सांगतो.

कराचा हा प्रश्न जुना झालेला नाही. आज तो बहुराष्ट्रीय कंपन्यांना विचारला जातो. 2012 साली ब्रिटनमध्ये स्टारबक्स या कॉफीच्या कंपनीवरून मोठे वादळ उठले. 1998 पासून कंपनीने त्या देशात सुमारे 300 कोटी पौंडांची विक्री केली होती, परंतु नफ्यावरचा कर भरला होता केवळ 86 लाख पौंड. कर विक्रीवर नसतो, नफ्यावर असतो, हे खरे. पण नफा गेला कुठे? ब्रिटनमधली शाखा नाव वापरण्याबद्दल नेदरलँड्समधल्या आपल्याच कंपनीला स्वामित्वशुल्क देत होती. कॉफीचे दाणे स्वित्झर्लंडमधल्या आपल्याच कंपनीमार्फत घेत होती. घरातल्याच कर्जावर व्याजही भरत होती. म्हणजे एका खिशातून दुसऱ्या खिशात! त्यामुळे कागदावर तोटा दिसे. गुंतवणूकदारांना मात्र धंदा फायद्यात असल्याचे सांगितले जाई.

हे सारे कायद्यात बसत होते. त्या नोव्हेंबरमध्ये स्टारबक्स, गुगल आणि अॅमेझॉन या कंपन्यांचे अधिकारी संसदेच्या समितीसमोर आले. समितीच्या अध्यक्षा मार्गारेट हॉज यांचा आरोप बेकायदेशीर वर्तनाचा नव्हता, अनैतिक वर्तनाचा होता. लोकांचा राग पाहून स्टारबक्सने पुढच्या दोन वर्षांत मिळून 2 कोटी पौंड स्वतःहून भरायची तयारी दाखवली. पण कर म्हणजे दानपेटीत टाकायचे पैसे नव्हेत. तो न्यायाचा भाग आहे. शेजारच्या छोट्या उपाहारगृहाच्या मालकाला 'यंदा मला वाटेल तेवढा कर देतो' असे म्हणता येते का? त्याला परदेशात दुसरा खिसा नसतो. मोठे चुकवतात, तेव्हा भार लहानांवर पडतो, नाहीतर शाळा-इस्पितळांचा पैसा कमी होतो.

कायद्याचा आडोसा घेणे येशूच्या काळीही होते. मार्कच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात 'कुर्बान'ची गोष्ट आहे. आपली मालमत्ता देवाला वाहिली आहे, असे मुलाने म्हटले, की आईवडिलांना सांभाळायची त्याच्यावर सक्ती राहत नसे. नियम पाळला जाई, वर देवाचे नावही घेतले जाई, आणि म्हातारे आईबाप उपाशी! येशू यावर संतापतो. नियमाने देवाची आज्ञाच मोडीत काढली, असे तो त्यांना तोंडावर सुनावतो.

ख्रिस्तसभाही हेच शिकवत आली आहे. सार्वजनिक हितासाठी कर भरणे हे नैतिक कर्तव्य आहे, असे कॅथोलिक धर्मशिक्षा सांगते. मोठ्या उलाढाली करणारे कर टाळतात तेव्हा समाजाच्या साधनांवर अन्याय होतो, हे व्हॅटिकनने 2018 सालच्या अर्थव्यवहारांवरील दस्तऐवजात बजावले आहे. जगालाही हे पटू लागले. 2021 साली 130 हून अधिक देशांनी मोठ्या कंपन्यांवर किमान 15 टक्के कर असावा, असे तत्त्वतः मान्य केले. मात्र त्याची अंमलबजावणी अजून सगळीकडे सारखी नाही, आणि एक पळवाट बुजवली, की हुशार माणूस दुसरी शोधतो. कायदा हात बांधील, मन कसे बदलील?

म्हणून कंपन्यांकडे बोट दाखवताना आपणही आपल्या घरात डोकावू या. बहिणीला गोडीगुलाबीने नोंदणी कचेरीत नेऊन हक्कसोडपत्रावर तिची सही घेतो. कागद पक्का असतो, पण तिचा वाटा तिला मिळाला का? घरकाम करणाऱ्या बाईला आजारपणाची रजा द्या, असे कोणी सक्तीने सांगत नाही, म्हणून तिचे पैसे कापतो. आणि 'पावती नको, थोडे कमी करा' म्हणताना तर आपण कायद्याचीही पर्वा करत नाही. ही आपली 'कुर्बान' आहे. आपल्यापैकी जे मोठ्या कंपन्यांच्या हिशेबखात्यात काम करतात, त्यांची तर रोजच कसोटी असते. सही करताना 'हे चालेल का?' एवढेच विचारू नये, 'याचा भार कोणावर पडेल?' हेही विचारावे.

नाण्यावर कैसराची मुद्रा होती, म्हणून ते कैसराला द्यायचे. आपल्यावर मुद्रा कोणाची आहे? देवाने माणसाला आपल्या प्रतिरूपात घडवले. म्हणजे आपली सद्सद्विवेकबुद्धी देवाची आहे. ती वकिलाकडे किंवा हिशेबनिसाकडे गहाण ठेवता येत नाही. जकातदार जक्कयच्या घरी येशू जेवायला गेला, तेव्हा फसवून घेतलेले चौपट परत करीन आणि अर्धी मालमत्ता गरिबांना देईन, असे तो आपणहून म्हणाला. कायद्याने किती द्यावे लागते, हे तो विचारत बसला नाही.

या आठवड्यात आपण प्रत्येकाने एक तरी असा हिशेब काढू या, जो कागदावर मिटला आहे पण देवापुढे मिटलेला नाही. तो मिटवण्याचे धैर्य प्रभू आपल्याला देवो. आमेन.