शंकासमाधान : भाडेकरूचं आडनाव

शंका : आमचं घर माळकरी. पुण्यात आमच्या बंगलीचा वरचा मजला भाड्याने द्यायचा आहे. एजंटाने एक जोडपं आणलं. दोघंही नोकरीला, लहान मुलगी, बोलणं अदबीचं. आम्हाला पसंत पडली. मग कळलं की ते मुसलमान आहेत. यजमान म्हणाले, ‘घरात देव आहेत, नको.’ मी एजंटाला ‘जागा गेली’ असं सांगितलं. तेव्हापासून हरिपाठाला बसलं की मन लागत नाही. आमचं चुकलं का? – एक भगिनी

समाधान : ताई, चुकलं. मन लागत नाही हे बरंच आहे. ते अजून जागं आहे.

यजमानांनी देवाचं नाव घेतलं, म्हणून तिथूनच सुरुवात करू. देहूहून तुकोबांची पालखी निघते तेव्हा वाटेत अनगडशाहबाबांच्या दर्ग्यापाशी थांबते. तिथे अभंग होतो, आरती होते आणि मग दिंड्या पुढे सरकतात. श्रीगोंद्याचे शेख महंमद यांना वारकऱ्यांनी संतांच्या मांदियाळीत बसवलं आहे. वारीला जाणाऱ्या घराने ‘देव आहेत’ म्हणून एखाद्या मुसलमान कुटुंबाला दार लावावं, याला तुमच्या परंपरेत मला तरी आधार सापडत नाही. मात्र वारीच्याच पंढरपुरात विठ्ठलाचं मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून 1947 साली साने गुरुजींना प्राणांतिक उपोषण करावं लागलं. तेव्हाही विरोध करणारे देवाचंच नाव सांगत होते.

तुम्ही पत्रात लिहिलं नाही, पण मनात जेवणखाण्याचा प्रश्न असणार. माळ तुम्ही घातली आहे, नेम तुमचा आहे. वरच्या मजल्यावर ओटा वेगळा, जिना वेगळा असेल तर तिथे काय शिजतं याने तुमची एकादशी मोडत नाही. तरीही वास सोसत नसेल तर तसं मोकळेपणाने सांगा, करारात लिहून घ्या. यात मला काही गैर वाटत नाही. अट मात्र येईल त्याला सारखी लावा. मालवणचा ब्राह्मणेतर येऊ दे की गोव्याचा सारस्वत, कोल्हापूरचा पाटील येऊ दे की कुणी खान, प्रश्न एकच. त्या जोडप्याला तुम्ही तो विचारलाच नाही. नाव कळलं आणि बोलणं संपलं. म्हणजे अडचण त्यांच्या ताटात नव्हती.

आणि ‘जागा गेली’ हे खोटं त्यांना कळलेलं असतं, ताई. रात्री मुलीला झोपवून ती बाई मोबाइलवर पुन्हा घरं शोधते, तेव्हा तुमच्याच खिडकीचा, तुमच्याच तुळशीचा फोटो तिथे दिसतो. त्या दोघांना हे पहिल्यांदा घडत नसतं, म्हणून ती काही बोलतही नाहीत.

घरमालकाला काळजी असते, हे मी जाणतो. भाडं थकेल, जागा सोडणार नाहीत, ही भीती खरी आहे. त्यासाठी डिपॉझिट घ्या, आधीच्या घरमालकाकडे चौकशी करा, पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्या, लिव्ह अँड लायसन्सचा करार रीतसर नोंदवा. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याने ही नोंदणी करण्याची जबाबदारी मालकावरच टाकली आहे. भाडं बुडवणारा माणूस आडनावावरून ओळखता येत नाही.

आज फोन करा. एजंटामार्फत नको, स्वतः करा. जागा रिकामी असेल तर खरं काय झालं ते सांगून पुन्हा विचारा. त्यांना दुसरीकडे घर मिळालं असेल, तरी फोन कराच.

शंका : मी बौद्ध आहे. नवी मुंबईत घर शोधतो आहे. एजंट पहिला प्रश्न आडनावाचा विचारतो आणि मग त्याचा फोन येत नाही. आता मी मित्राचं आडनाव सांगतो. यात खोटं न बोलण्याचं माझं चौथं शील मोडतं का? – एक तरुण

समाधान : दादा, 1917 साली बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकून बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी नाव सांगून ते पारशांच्या वसतिगृहात राहिले. काही दिवसांनी लाठ्या घेतलेले लोक आले आणि संध्याकाळच्या आत निघून जायला सांगून गेले. मित्रांकडेही आसरा मिळाला नाही. कामाठी बागेत बसून त्यांनी रात्रीच्या मुंबईच्या गाडीची वाट पाहिली. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे, काहीही न लपवता.

जात सांगायला तुम्ही कुणाला बांधलेले नाही. गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. दुसऱ्याचं आडनाव सांगणं मात्र असत्यच, पण त्याचा मोठा वाटा ते सांगायला लावणाऱ्याच्या पदरात पडतो. तरीही ते करू नका, असं मी म्हणेन. करारासाठी ओळखपत्र द्यावंच लागतं. खरं नाव तेव्हा बाहेर येतं आणि टोकन अडकतं, शिवाय तुम्हालाच लबाड ठरवलं जातं.

अस्पृश्यतेच्या कारणावरून राहायला जागा नाकारणं हा 1955 च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. पुरावा मिळणं अवघड असतं, कारण नकाराचं खरं कारण कुणी तोंडाने सांगत नाही. म्हणून बोलणं शक्यतो मेसेजवर करा आणि मेसेज पुसू नका. धर्मावरून नाकारणाऱ्या खासगी मालकाला अडवणारा असा सरळ कायदा आपल्याकडे नाही, ही मोठीच उणीव आहे. तृतीयपंथीयांसाठी 2019 च्या आणि एचआयव्हीबाधितांसाठी 2017 च्या कायद्यात घर भाड्याने मिळण्याचा हक्क स्पष्ट लिहिला आहे. तो सगळ्यांसाठी लिहायला हवा.

घर मिळालं की बुद्धांची तसबीर पहिल्या दिवशी लावा.

शंका : सोसायटीने ठराव केला की अविवाहित मुलींना फ्लॅट द्यायचा नाही. माझ्याकडे दोन नर्स मुली आल्या आहेत. ठराव मोडणं अनीतीचं होईल का? – एक सभासद

समाधान : नाही. आदर्श उपविधींप्रमाणे फ्लॅट भाड्याने देताना सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही. आधी कळवायचं आणि कराराची प्रत द्यायची. नॉन-ऑक्युपन्सी चार्जेसही सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त मागता येत नाहीत. तुमच्या सोसायटीचे उपविधी एकदा वाचून घ्या आणि सेक्रेटरींना लेखी कळवून मुलींना किल्ली द्या. नर्सच्या रात्रपाळ्या असतात, तेव्हा वॉचमनलाही आधीच सांगून ठेवा, म्हणजे पहाटे गेटवर त्यांना कुणी अडवणार नाही.