पदपथावरील पावले कोणाची?

जी वस्तू सर्वांच्या वाटेवर कायमची ठेवली, तिच्यावर ठेवणाऱ्याचा हक्क कितपत उरतो? अमेरिकेतील सिॲटल नगरात घडलेल्या एका प्रकरणाने हा प्रश्न आम्हांस विचारात पाडले आहे.

तेथील ब्रॉडवे या रस्त्याच्या पदपथात जॅक मॅकी या शिल्पकाराने १९८२ साली नर्तकांच्या बुटांचे कांस्य ठसे बसविले. टँगो, वॉल्ट्झ, मांबो अशा आठ नृत्यांचे पदन्यास त्यांत आहेत. येणारा-जाणारा त्या ठशांवर पावले ठेवतो आणि बाजारहाटाच्या वाटेवर दोन क्षण नाचून पुढे जातो.

पुढे एका चित्रकर्तीने टँगोच्या ठशांचे छायाचित्र घेऊन त्याचे कोलाज केले. ते नगरातील वाद्यवृंदाच्या प्रचारपत्रिकेत छापले गेले. मॅकी न्यायालयात गेले. त्यांचा हक्क मान्य झाला; भरपाई मात्र हजार डॉलरच मिळाली. वाद्यवृंदाच्या तिकीटविक्रीतील नफ्याचा वाटा २००२ साली अपील न्यायालयानेही नाकारला. आपला १९५७ चा प्रताधिकार कायदा याहून वेगळा आहे. सार्वजनिक जागी कायमस्वरूपी उभ्या असलेल्या शिल्पाचे छायाचित्र प्रसिद्ध करणे हा त्यानुसार गुन्हा ठरत नाही. दोन देशांचे कायदे अशी दोन उत्तरे देतात. तेव्हा न्याय्य काय, याचा शोध आपण कायद्याच्या पलीकडेही घेतला पाहिजे.

मॅकींची बाजू हलकी लेखू नये. रस्त्यावर आहे म्हणजे फुकट आहे, हा समज अनेक कलावंतांच्या पोटावर उठला आहे. शिवाय त्यांनी हक्क सांगितला तो नृत्यावर नव्हे, स्वतः घडविलेल्या ठशांवर.

तरीही आम्हांस वाटते की, हे ठसे घडविणाराही ऋणकोच आहे. टँगो जन्मला तो ब्युनोस आयर्स आणि माँटेव्हिडिओ येथील गोरगरिबांच्या वस्त्यांत, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. देशोदेशींहून आलेले कष्टकरी आणि आफ्रिकी गुलामांचे वंशज यांनी तो एकमेकांकडून घेतला व एकमेकांना दिला. त्यांच्यापैकी कोणाचे नाव त्या पदपथावर कोरलेले नाही, कोणी त्यांची परवानगी मागितली नाही. आणि वाटसरूने पाऊल टाकल्यावाचून त्या कांस्याचे नृत्य होतच नाही. म्हणजे त्या कलाकृतीत पूर्वजांचा वाटा आहे, तसा अनोळखी पादचाऱ्याचाही आहे.

म्हणून आम्ही असे म्हणू: जो धंद्यासाठी उचलतो, त्याने आधी विचारावे, नाव घ्यावे, मोबदला द्यावा. तेवढे झाले की निर्मात्याने मूठ सैल करावी. लोकांकडून आलेले लोकांच्या वाटेवर ठेवताना आपण दाता नसून परतफेड करणारे आहोत, याची जाणीव त्याने बाळगावी. ही जाणीव दोन्ही बाजूंना असती, तर न्यायालयाच्या पायऱ्या चढण्याची वेळ कदाचित आलीच नसती.