कॉर्पस क्रिस्टी : नाव गावाचे की देहाचे?

अमेरिकेच्या टेक्सास राज्यात, मेक्सिकोच्या आखाताला लागून कॉर्पस क्रिस्टी नावाचे बंदराचे शहर आहे. या लॅटिन शब्दांचा अर्थ ‘ख्रिस्ताचे शरीर’. पोप चौथे अर्बन यांनी 1264 मध्ये याच नावाचा सण साऱ्या कॅथलिक जगासाठी ठरवून दिला. मिस्सा या कॅथलिक उपासनेत अर्पण होणारी भाकर ही ख्रिस्ताचे शरीरच होते, या श्रद्धेचा तो सण. स्पॅनिश दर्यावर्दी आलोन्सो आल्वारेझ दे पिनेडा 1519 मध्ये नेमका त्या दिवशी इथल्या उपसागरात पोचला आणि त्याने हे नाव ठेवले, असे परंपरा सांगते. उपसागराचे नाव पुढे गावाला लागले आणि वापराने गुळगुळीत झाले. नंतर शहरांची नावे पाणबुड्यांना देण्याच्या प्रघाताप्रमाणे अमेरिकी नौदलाने 1981 मध्ये जलावतरण झालेल्या एका अणुपाणबुडीला हेच नाव दिले. कॅथलिकांमधून तीव्र निषेध उठला. शांततावादी कार्यकर्ते मिच स्नायडर यांनी या नावाविरुद्ध दीर्घ उपोषण केले. अखेर 1982 मध्ये पाणबुडीचे नाव ‘सिटी ऑफ कॉर्पस क्रिस्टी’ असे बदलण्यात आले. पवित्र शब्द गावाचे नाव झाला की त्यातले पावित्र्य संपते का, हा या वादाच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे.

संपते, असे म्हणणाऱ्यांची बाजू दुबळी नाही. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांनी 1843 मध्ये मांडले की विशेषनाम वस्तूकडे केवळ बोट दाखवते, तिचे वर्णन करत नाही. ‘डार्टमथ’ म्हणजे डार्ट नदीच्या मुखावरचे गाव. पण उद्या नदीने पात्र बदलले तरी गावाचे नाव खोटे पडणार नाही. आपल्या शास्त्रकारांनीही योगापेक्षा, म्हणजे व्युत्पत्तीपेक्षा, रूढी बलवान मानली आहे. त्याच न्यायाने नौदल म्हणू शकत होते की आम्ही ख्रिस्ताचे नव्हे, टेक्सासमधल्या एका शहराचे नाव घेतले. हे खरेच होते. परंतु रूढी अर्थाला मागे सारते, पुसून टाकत नाही. भागवतातला अजामिळ मरताना ‘नारायण’ अशी हाक मारतो ती आपल्या मुलाला. त्याचे बोट मुलाकडे असते, तरी नामाने आपले काम केलेच, असे ती कथा सांगते. ज्या समाजासाठी शब्द जिवंत आहे, त्याच्यापुरता तो केवळ खूण कधीच होत नाही. टेक्सासमधले शहर अस्तित्वात असताना जगभरचे कॅथलिक दर वर्षी तो सण पाळतच होते. अर्थ जुन्या कोशात पडून नव्हता, वेदीवर रोज उच्चारला जात होता.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की, त्याच वर्गातल्या दुसऱ्या एका पाणबुडीचे नाव ‘सॅन फ्रान्सिस्को’ होते. शांतीसाठी ओळखल्या जाणाऱ्या संत फ्रान्सिस यांचे नाव चालते, मग हेच का खटकावे? उत्तर श्रद्धेच्या स्वरूपात आहे. संताचे नाव स्मरणासाठी असते, ‘ख्रिस्ताचे शरीर’ हे मात्र प्रत्यक्ष पूजेचे नाव आहे. स्मरण आणि सान्निध्य यांत भक्त जो भेद करतो, तो बाहेरच्यांनी क्षुल्लक ठरवू नये. दुसरा आक्षेप आपल्याला जवळचा आहे : भारताने क्षेपणास्त्रांना अग्नी, त्रिशूल अशी नावे दिली, त्याने कुणाचा धर्म बुडाला? बुडाला नाही, कारण अग्नी जाळतो आणि त्रिशूळ हे आयुधच आहे. तिथे नाव आणि वस्तू एकाच दिशेला जातात. ख्रिस्ताचे शरीर मात्र इतरांसाठी जखमा सोसणारे, भाकरीसारखे मोडून वाटले जाणारे शरीर आहे. मारणाऱ्या यंत्राला मार खाणाऱ्या देहाचे नाव दिले की शब्दाचा गाभाच उलटा होतो. माणसांना घर देणाऱ्या गावाला तेच नाव शोभते, म्हणून तिथे कुणी तक्रार केली नाही.

नावाआधी दोन शब्द जोडल्याने पाणबुडीवरचा एक टॉर्पेडोही कमी झाला नाही, हे मान्य करायला हवे. पण युद्धाला देवाच्या देहाची ओळख मिळू नये, एवढे त्या शब्दांनी नक्की साधले. ‘शहर’ हा शब्द पुढे येताच बोट कुठे आहे ते स्पष्ट झाले आणि नामातला देव यंत्रापासून वेगळा राहिला. नाव जगाने वापरावे, मात्र ज्यांच्या प्रार्थनेत ते अजून जिवंत आहे त्यांना विचारून वापरावे. गावाच्या नावावर गावाचा हक्क असतो, तसाच त्या नावाने हात जोडणाऱ्यांचाही असतो.