ऋणकोचे दान: दिवाळखोरीपूर्वीच्या हस्तांतराचा धर्मविचार

कर्ज फिटणार नाही हे दिसू लागले की अनेक घरांत एक विचार पुढे येतो: नादारीचा अर्ज करण्यापूर्वी राहते घर पत्नीच्या नावे करावे, शेत मुलाच्या नावे चढवावे. हे कागद करणे अवघड नसते. महाराष्ट्रात पती, पत्नी, मुले किंवा नातवंडे यांना राहते घर वा शेतजमीन बक्षीस देताना मुद्रांक शुल्क नाममात्र 200 रुपये आहे. कुटुंबातील सरळ व्यवहारांसाठी दिलेली ही सवलत धनकोला चुकवण्यासाठीही वापरता येते. अशा बक्षीसपत्राची कायदेशीर बाजू न्यायालय तपासते. त्याखाली एक जुना धर्मप्रश्न आहे. जो दुसऱ्याचे देणे लागतो, त्याला दान करण्याचा अधिकार उरतो का? आणि कुटुंबाचे पोषण हेही कर्तव्यच असताना धनकोचा हक्क त्याच्या आधी का यावा?

धर्मशास्त्राने कर्जाला फार मोठे स्थान दिले आहे. तैत्तिरीय संहितेत ब्राह्मण जन्मतःच ऋषी, देव आणि पितर यांचा ऋणी मानला आहे. अथर्ववेदाच्या सहाव्या कांडात ऋणमुक्तीच्या प्रार्थना आहेत. मनू आणि नारद यांनी वादांचे जे अठरा विषय सांगितले, त्यांत पहिला ऋणादानाचा, म्हणजे कर्जाच्या वसुलीचा आहे. न फेडलेले कर्ज मृत्यूनंतरही माणसाच्या मागे राहते, या श्रद्धेतूनच वडिलांचे कर्ज मुलाने आणि नातवाने फेडावे हा नियम आला.

दानाविषयीचे नियमही तितकेच काटेकोर आहेत. याज्ञवल्क्य सांगतो की कुटुंबाला बाधा येणार नाही इतकेच स्वतःचे धन द्यावे, अपत्ये असताना सर्वस्व देऊ नये आणि दुसऱ्याला देऊ केलेले तिसऱ्याला देऊ नये. नारद अदेय वस्तूंची यादी देतो. तिच्यात गहाण, ठेव, मागून आणलेली वस्तू, सामाईक धन आणि दुसऱ्याला वचन दिलेले धन येते. बिकट आपत्तीतही या वस्तू देऊ नयेत, असे तो बजावतो. वचनाचा हा नियम मुळात देऊ केलेल्या दानाबद्दल आहे. पण कर्ज घेताना ऋणकोही परतफेडीचा शब्दच देतो, आणि त्या शब्दावर विसंबून दुसऱ्याने आपले धन त्याच्या हाती ठेवलेले असते. म्हणून हे तत्त्व कर्जाला अधिकच लागू पडते.

याचा तात्त्विक पाया मीमांसेत सापडतो. विश्वजित यज्ञात यजमानाने सर्वस्व द्यायचे असते. मग ‘सर्वस्व’ म्हणजे काय, ही चर्चा जैमिनीने सहाव्या अध्यायात केली आहे. आई-वडील ‘आपले’ असले तरी ते देता येत नाहीत. राजालाही पृथ्वी दान करता येत नाही. ज्यावर खरे स्वामित्व आहे तेवढेच देता येते, असा निर्णय तिथे आहे. पुढच्या निबंधकारांनी दानाची दोन अंगे मानली: देणाऱ्याचे स्वत्व संपणे आणि घेणाऱ्याचे स्वत्व निर्माण होणे.

दिवाळखोरीच्या उंबरठ्यावरचे बक्षीसपत्र या दोन्ही कसोट्यांवर उणे पडते. मालमत्ता कागदोपत्री ऋणकोची असते, पण तिच्या मूल्यावर धनकोंचा दावा आधीच उभा असतो. शिवाय देणारा त्याच घरात राहतो, तेच शेत कसतो, तेच भाडे खर्च करतो. त्याचे स्वत्व संपलेलेच नसते, फक्त नाव बदललेले असते. दानात त्याग हवा. इथे आहे ते राखून ठेवण्याची धडपड असते. त्यामुळे अशा व्यवहाराला दानाचे पुण्य आणि दानाचे संरक्षण दोन्ही मागता येत नाहीत.

कुटुंबाच्या बाजूचा युक्तिवाद मात्र सहज बाजूला सारण्यासारखा नाही. वृद्ध आई-वडील, पत्नी आणि लहान मुले यांचे पोषण हे धर्मशास्त्राने टाळता न येणारे कर्तव्य मानले आहे. धनकोला व्याजातून नफा मिळतो, त्यासाठी त्याने जोखीमही पत्करलेली असते. घरातल्या मुलाने मात्र कोणताही करार केलेला नसतो. मग वडिलांच्या चुकीसाठी त्याच्या डोक्यावरचे छप्पर का जावे? या प्रश्नात खरी कळकळ आहे आणि कायद्यानेही ती मानली आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 नुसार आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे आणि धार्मिक रूढीमुळे स्त्रीला अंगावेगळे करता न येणारे दागिने यांवर जप्ती येत नाही. पत्नी व मुलांच्या हितासाठी 1874 च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली काढलेला आयुर्विमा धनकोंच्या आवाक्याबाहेर राहतो. धनकोंना फसवण्यासाठी हप्ते भरले असतील तर तेवढी रक्कम मात्र वसूल होऊ शकते. स्त्रीधन तर पतीचे नसतेच. ते पत्नीकडे परत जाणे म्हणजे दान नव्हे, आणि सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्ये प्रतिभा राणी खटल्यात तिची मालकी निःसंदिग्ध शब्दांत मान्य केली. पण कर्ज थकल्यावर पतीच्या पैशाने घेतलेले सोने केवळ पत्नीच्या कपाटात ठेवल्याने स्त्रीधन होत नाही.

म्हणजे कुटुंबाचे संरक्षण धर्माला आणि कायद्याला मान्य आहे. त्याची मर्यादा समाजाने उघडपणे आखायची असते, ऋणकोने गुपचूप नव्हे. धनको म्हणजे दर वेळी मोठी बँकच असते असेही नाही. थकलेला पगार मागणारा कामगार, उधारीवर माल देणारा छोटा दुकानदार, निवृत्तीची पुंजी ठेवीत गुंतवलेला म्हातारा हेही धनकोच असतात आणि त्यांच्या घरीही मुले असतात. स्वतःच्या कुटुंबाचे पोषण दुसऱ्या कुटुंबाच्या घासातून करणे धर्म ठरू शकत नाही.

घेणाऱ्याची जबाबदारीही वेगळी तपासावी लागते. याज्ञवल्क्याने कर्ज कोणाकडून वसूल करावे याचा क्रम लावताना वारसाधन घेणाऱ्याला अग्रस्थान दिले. धन ज्याच्याकडे जाते त्याच्याकडे ऋणही जाते, हे त्यामागचे तत्त्व आहे. दारू, जुगार, दंड आणि निष्फळ दाने यांसाठी काढलेल्या कर्जातून मात्र मुलाला त्याने मोकळे ठेवले. मुंबई इलाख्यात 1866 च्या कायद्याने वारसाची जबाबदारी मिळालेल्या मालमत्तेपुरती मर्यादित झाली. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने त्यानंतरच्या कर्जांसाठी, केवळ धार्मिक कर्तव्य म्हणून पुत्राला जबाबदार धरणे थांबवले. पुत्र वडिलांच्या पापातून सुटला, पण जाणूनबुजून लपवलेले धन स्वीकारण्याची मुभा त्याला मिळाली नाही.

आजचा कायदा याच धाग्याने जातो. मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 च्या कलम 53 नुसार धनकोंना चुकवण्याच्या किंवा रखडवण्याच्या हेतूने केलेले हस्तांतर धनकोच्या मागणीवरून रद्द होऊ शकते. सद्भावनेने मोबदला देऊन घेणारा सुरक्षित राहतो. व्यक्तींच्या दिवाळखोरीचे 1909 आणि 1920 चे कायदे तिच्या आधीच्या दोन वर्षांतील मोबदल्याविना दिलेली मालमत्ता परत मिळवण्याची वाट ठेवतात. 2016 च्या दिवाळखोरी संहितेतही कमी मूल्याच्या व्यवहारांसाठी दोन वर्षांची मुदत आहे. एखाद्या धनकोला झुकते माप दिले असेल, तर तो नातेवाईक असल्यास दोन वर्षे आणि परका असल्यास सहा महिने मागे जाऊन पाहता येते. संहितेचा हा भाग कंपन्यांच्या वैयक्तिक हमीदारांसाठी 1 डिसेंबर 2019 पासून लागू आहे. धनकोंत वाटप होऊ नये म्हणून मालमत्ता अप्रामाणिकपणे हलवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 320 खाली गुन्हाही आहे.

कर्जातून सुटकेची वाट परंपरेने वा कायद्याने बंद केलेली नाही. दामदुपटीच्या नियमाने एका वेळी वसूल होणारे व्याज मुद्दलापुढे जाऊ दिले नाही. 1875 मध्ये सुपे आणि आसपासच्या गावांत सावकारांचे कर्जरोखे जाळले गेले. त्यानंतर 1879 च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद केले. तुकोबांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवल्याची कथा वारकरी परंपरा सांगते. त्या कथेत त्यांनी भाऊ कान्होबाच्या वाट्याची खते आधी वेगळी काढून दिली आणि फक्त आपल्या वाट्याची बुडवली. धनकोने स्वतःचा हक्क सोडणे हा त्याग आहे. दुसऱ्याचा हक्क परस्पर बुडवण्याचा अधिकार संतानेही घेतला नाही.

दिवाळखोरीचा कायदा हा याच क्षमेचा सामाजिक अवतार आहे. हरलेल्या माणसाला तो नवे आयुष्य देऊ करतो आणि बदल्यात आहे ते सारे खरेपणाने समोर मांडण्याची अट घालतो. त्यामुळे कुटुंबाला दिलेल्या मालमत्तेची पारख चार गोष्टींवर होते: देताना देणारा सगळी देणी भागवण्यास समर्थ होता का, योग्य मोबदला होता का, ताबा खरोखर सुटला का, आणि व्यवहार उघड होता का. सुबत्तेच्या काळात, देणी राखून, उघडपणे दिलेले घर हे कुटुंबधर्माचे पालन आहे. तेच घर संकट दिसल्यावर लपवून दिले तर ते धनकोचे धन राहते आणि ते परत करणे हे देणाऱ्याइतकेच घेणाऱ्याचेही कर्तव्य ठरते.