कालवणाचा तळ

पुण्याहून साताऱ्याकडे निघालं की नसरापूर फाट्यावर वेल्ह्याचा रस्ता फुटतो आणि थोडं पुढं कापूरहोळ लागतं. हे गाव धाराऊचं. १४ मे १६५७ला पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला. सईबाईंच्या अंगावरचं दूध बाळाला पुरेना, तेव्हा इथल्या गाडे घराण्यातली धाराऊ दूधआई म्हणून आली. सईबाई पुढं सप्टेंबर १६५९ मध्ये राजगडावर वारल्या. त्याच राजगडाचं नाव आता सरकारदरबारी वेल्हे तालुक्याला मिळालं आहे. लोकांच्या तोंडात मात्र अजून वेल्हंच आहे.

धाराऊचं नाव साडेतीनशे वर्षं टिकलं, ते टिकायलाच हवं होतं. पण सईबाई पोटुशी असताना त्यांच्या ताटाकडे कुणाचं लक्ष होतं, त्यांचं चालणं-फिरणं कोण जपत होतं, हे आपल्या कानावर आलेलं नाही. बाळ झाल्यावर धावून आलेला हात आपण लक्षात ठेवतो. त्याआधीच्या नऊ महिन्यांतले हात, असले तरी, कुणाला दिसत नाहीत.

आपल्याकडची रीत बघा. बाळंतिणीचे लाड होतात. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेकशेगडी, तेल लावून न्हाऊ-माखू, सव्वा महिना घराबाहेर पाऊल नाही. गरोदरपणाच्या वाट्याला मात्र एक डोहाळजेवण येतं. हिरवी साडी, फुलांची वाडी, झोपाळा, ओटी. एका दिवसाचा थाट. मग पहिलटकरीण असेल तर सातव्या महिन्यात माहेरी जाते आणि तिथं आईच्या हातचं पोटभर खाते. दुसऱ्या खेपेला बहुतेकींच्या नशिबी तेही नसतं. कडेवर पहिलं पोर आणि समोर सासरची चूल.

या खाण्याचा हिशेब बाईच्या वजनात दिसतो. पण गरोदरपणात वजन किती वाढावं, याचं उत्तर एका आकड्यात देता येत नाही. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००९ मध्ये दिलेलं कोष्टक जगभर वापरतात. आधीच कृश असलेल्या बाईचं वजन साडेबारा ते अठरा किलो वाढावं, मध्यम बांध्याच्या बाईचं साडेअकरा ते सोळा, जास्त वजनाच्या बाईचं सात ते साडेअकरा, आणि त्याहूनही स्थूल असेल तर पाच ते नऊ. आपल्याकडे आरोग्यसेविका साधारण दहा-बारा किलो सांगतात. यातलं बहुतेक वजन चौथ्या महिन्यानंतर चढायचं असतं. ‘आता दोघांचं खा’ हा सल्लाही चुकीचाच. रोजच्या जेवणावर साडेतीनशे उष्मांकांची भर पुरते. म्हणजे एखादी भाकरी, वाटीभर डाळ आणि पेलाभर दूध. एवढंसंच. डायन कॉफी या संशोधिकेने देशपातळीवरच्या पाहणीवरून काढलेला अंदाज असा, की भारतीय बाईचं वजन गरोदरपणात सरासरी सातच किलो वाढतं. मग ही भाकरी-डाळ-दुधाची भर अडते कुठं?

पुणे जिल्ह्यातल्याच एका अभ्यासात याचा माग लागतो. १९९३ पासून के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायका, त्यांचं खाणं, त्यांचे कष्ट आणि त्यांची बाळं यांची बारीक नोंद ठेवली. या बायकांचं गरोदरपणाआधीचं सरासरी वजन होतं जेमतेम बेचाळीस किलो. निष्कर्ष चकित करणारे निघाले. एकूण उष्मांक किती पोटात गेले, याचा बाळाच्या आकाराशी फारसा संबंध लागला नाही. संबंध लागला तो पालेभाज्या, फळं आणि दूध यांच्याशी.

हे वाचलं आणि मला स्वयंपाकघरातली पंगत आठवली. आधी बाप्ये, मग पोरं, मग म्हातारी माणसं, शेवटी सून. भाकऱ्या मोजून थापलेल्या असतात, तिच्यापर्यंत एखादी येतेच. संपतं ते कालवण. तळाला रस्सा उरतो, भाजीतले चार देठ उरतात. दूध तर पहाटेच डेअरीच्या किटलीतून गेलेलं असतं. म्हणजे शेवटी जेवणारीच्या पोटात भूक भागण्याइतकं धान्य पडतं, पण बाळाच्या वाढीशी ज्यांचं नातं दिसलं नेमक्या त्याच गोष्टी भांड्याच्या तळाशी संपलेल्या असतात. तिला कुणी उपाशी ठेवलेलं नसतं. घरात कुणाला विचारा, ‘जेवते की पोटभर’ असंच सांगतील, आणि त्यात खोटं काही नाही.

त्याच अभ्यासातला दुसरा धागा कष्टांचा. ज्या बायकांना शेतातली आणि घरातली कामं जास्त, त्यांची बाळं लहान निघाली. वेल्ह्यासारख्या मुलखात याचा अर्थ उघड आहे. आषाढात आवणी सुरू झाली की खाचरात गुडघाभर चिखलात दिवसभर वाकून रोपं लावायची, डोक्यावर इरलं, पाठीवर पाऊस. आवणीला माणूस कमी पडला तर पाचव्या महिन्याची बाईही उतरते; तिला कुणी ढकलत नाही, तिलाच बसवत नाही. घरचा पुरुष पुण्या-मुंबईला नोकरीला असला तर रविवारपुरता घरी. उन्हाळ्यात वेगळीच तऱ्हा. पुण्याला पाणी पुरवणारं पानशेत याच तालुक्यात, पण डोंगरावरच्या वाडीला चैत्र-वैशाखात हंडा घेऊन उतरावं लागतं. धरण उशाला आणि कोरड घशाला म्हणतात ते हेच, आणि ती कोरड भागवायला खेपा घालते ती बहुधा घरातली धाकटी सून.

धाकटी म्हणण्यालाही अर्थ आहे. कॉफी, रितिका खेरा आणि डीन स्पिअर्स यांनी ग्रामीण एकत्र कुटुंबांतल्या चुलत भावंडांची उंची ताडून पाहिली. घर एक, चूल एक, तरी धाकट्या जावेची मुलं थोरलीच्या मुलांपेक्षा सरासरीने बुटकी. घरातला मान मुलाच्या हाडांत उतरतो, हे सासरी नांदलेल्या बाईला सांगायला संशोधक लागत नाही. पण आता ते सेंटिमीटरमध्ये मोजलं गेलं आहे.

सासूला खलनायिका करण्यात मला रस नाही. ‘पोर पोटात फार पोसलं तर बाळंतपण अडतं’ ही समजूत दुष्टपणातून आलेली नाही, भीतीतून आली आहे. पावसात ओढे भरून वाट बंद व्हायची, डोली करून बाई खाली आणायची, त्या काळात अडलेलं बाळंतपण म्हणजे मरण. लहान बाळ सुखरूप सुटतं, हा तिचा अनुभवाचा हिशेब होता. आज गाडी बोलावता येते, शस्त्रक्रिया होते. हिशेब मात्र जुनाच राहिला. आधाराच्या नावाखाली मग सुनेला मिळतात त्या मनाया. पपई नको, हे उष्ण, ते वातूळ. सल्ल्याला खर्च नसतो. हंडा उचलायला मात्र कुणीतरी उठावं लागतं.

सरकारची तऱ्हा काही वेगळी नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गरोदर बाईला किमान सहा हजार रुपयांचा हक्क दिला. २०१७ मध्ये मातृवंदना योजना आली, ती पहिल्या बाळापुरती आणि पाच हजारांची. पुढं दुसरं अपत्य मुलगी असेल तर सहा हजार मिळू लागले. हप्ते पाहिले तर पहिल्या बाळाचे तीन हजार गरोदरपणात, दोन हजार बाळाची जन्मनोंद आणि लसी झाल्यावर. दुसऱ्या खेपेची सगळी रक्कम जन्मानंतरच. मुलगीच व्हायला हवी म्हटल्यावर आधी देणार तरी कशी! दूधआई आधी, आईचं ताट नंतर, हा क्रम इथंही सुटलेला नाही.

राज्याने एक गोष्ट मात्र फार शहाणपणाने केली. २०१५च्या अखेरीस आदिवासी भागांत डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू झाली. गरोदर बाईला दिवसातून एक पूर्ण, गरम जेवण. पाकीट घरी दिलं की ते घराचं होतं, त्यात सगळ्यांचे वाटे पडतात. अंगणवाडीत बसून जेवायचं म्हटलं की ताट तिचंच राहतं, शेजारी आणखी चारजणी असतात, आणि त्या तासभरात तिला कुणी पाण्याला पाठवत नाही. पण पुणे जिल्ह्यात आदिवासी क्षेत्र आंबेगाव-जुन्नरच्या बाजूला. तोच सह्याद्री, तसलीच भातखाचरं, तसलाच पाऊस. वेल्हे त्या रेघेच्या बाहेर.

तपासणीच्या दिवशी बाई काट्यावर उभी राहते. ‘महिन्यात अर्धाच किलो? खात जा गं जरा,’ असं तिला सांगितलं जातं. ती मान डोलावते. आकडा तिच्या नावापुढं कार्डावर चढतो. काट्यापाशी तिची पिशवी आणि चपला सांभाळत सासू उभी असते, तिला कुणी काही विचारत नाही. तुमच्याकडं शेवटी कोण जेवतं, आणि सकाळी पाण्याला कोण जातं, एवढं तिलाच विचारून पाहायला हवं होतं. कार्डावर तसा रकाना नाही.