तवा घेऊन धावणाऱ्या स्त्रिया



राखेच्या बुधवारच्या आदल्या दिवशी इंग्लंडमधील ओल्नी या लहानशा गावात एक गमतीदार शर्यत होते. डोक्याला रुमाल, कमरेला एप्रन आणि हातात तवा घेऊन स्त्रिया धावतात. तव्यात पॅनकेक असतो, म्हणजे अंडी-दूध-मैद्याचे धिरडे. बाजारचौकापासून चर्चपर्यंतचे अंतर ४१५ यार्ड, सुमारे ३८० मीटर.

असे सांगतात की, १४४५ साली एक गृहिणी उपवासकाळापूर्वी घरातले अंडी-दूध संपवावे म्हणून धिरडी करीत होती. इतक्यात पापनिवेदनाला बोलावणारी घंटा वाजली आणि ती तवा हातात धरूनच चर्चकडे धावली. ही आख्यायिका आहे. तिचा पुरावा मागण्यात अर्थ नाही. शर्यत मात्र खरी आहे.

दुसऱ्या महायुद्धात ती बंद पडली. युद्ध संपल्यावरही ती आपोआप सुरू झाली नाही. १९४८ साली तेथील अँग्लिकन धर्मगुरू रोनाल्ड कॉलिन्स यांना कपाट आवरताना जुन्या शर्यतींची छायाचित्रे सापडली. त्यांनी गावाला हाक दिली आणि १३ स्त्रिया धावल्या.

येथे एक प्रश्न उभा राहतो. ही शर्यत कोणत्याही धर्माज्ञेत नाही. न धावल्याने कोणाला पाप लागत नाही. मग ती टिकवण्याचे कर्तव्य कोणाचे?

संत पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय आपण पाहू. प्रभूकडून जे मिळाले तेच तुम्हांला सोपवले, असे तो सांगतो, आणि लगेच येशूला शत्रूंच्या हाती सोपवले त्या रात्रीची आठवण देतो. मूळ ग्रीक भाषेत दोन्हीकडे एकच क्रियापद आहे. सोपवणे म्हणजे विश्वासाने पुढे देणे, आणि सोपवणे म्हणजे घात करणेही! आपल्या हाती आलेली ठेव कायमची आपल्याकडे राहत नाही. ती आपण पुढच्या हातात देतो किंवा वाऱ्यावर सोडतो. मृतांना आता धावता येत नाही. जे त्यांनी पाहिलेच नाही, ते मुलांना मागता येत नाही. मधे उभे आहोत ते आपणच.

अर्थात प्रत्येक जुनी गोष्ट टिकवावीच असे नाही. ओल्नीची शर्यत चर्चपाशी संपते आणि त्यानंतर उपासना होते. प्रथा आपल्याला देवाकडे आणि शेजाऱ्याकडे नेते का, ही तिची कसोटी. त्या शर्यतीचा आणखी एक नियम सुंदर आहे: धावणारी स्त्री किमान तीन महिने गावात राहिलेली असावी. तीन पिढ्या नव्हे, फक्त तीन महिने!

वाडीतल्या क्रुसापुढच्या जपमाळेला आता पूर्वीसारखी माणसे येत नाहीत, असे आपण हळहळून म्हणतो. पण समोरच्या इमारतीत नव्याने राहायला आलेल्या कुटुंबाला आपण कधी बोलावले का? पूर्वीच्या गर्दीची आठवण म्हणजे कपाटातले छायाचित्र. छायाचित्र धावत नाही. कॉलिन्स यांनी ते पाहून नुसता उसासा टाकला असता, तर त्या १३ स्त्रिया घरीच राहिल्या असत्या.

या उपवासकाळात प्रत्येक घराने एका नव्या कुटुंबाला क्रुसापाशी घेऊन यावे. घंटा वाजली की हातातले काम तसेच घेऊन निघण्याची तत्परता प्रभू आपल्याला देवो.

आपले धर्मगुरू