तह दोघांचा, अर्थ एकाचा

हैदराबादच्या निजामाने १७९८ मध्ये वेलस्लीशी तह केला, फ्रेंच अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या आपल्या पलटणी मोडल्या आणि कंपनीची तैनाती फौज पदरी घेतली. होळकरांनी पुणे जिंकल्यावर दुसऱ्या बाजीरावानेही ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईला तीच वाट धरली : सहा हजार पायदळ आणि त्याच्या खर्चासाठी २६ लाख उत्पन्नाचा मुलूख. या तहांची चर्चा आपल्याकडे बहुधा फौज आणि तिचा खर्च यांभोवती फिरते. फौजेचे वजन मी नाकारत नाही. पण वऱ्हाडचे प्रकरण तपासले की या व्यवस्थेचे मर्म दुसरीकडे सापडते. कलमांवर सह्या दोघांच्या असतात. त्यांचा अर्थ काय आणि ती मोडली कधी, हे सांगण्याचा हक्क मात्र एकाकडेच जातो. नावापुरते स्वातंत्र्य म्हणतात ते इथून सुरू होते.

१८०० च्या तहाने युद्धाच्या वेळी सहा हजार पायदळ आणि नऊ हजार घोडदळ कंपनीच्या मदतीला पाठवण्याचे बंधन निजामावर आले. पुढच्या रेसिडेंटांनी या बंधनाला असे वळण दिले की शांततेतही इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली एक कायमची फौज निजामाच्या पैशावर उभी राहिली. तीच हैदराबाद कंटिंजंट. तैनाती फौजेसाठी मुलूख आधीच तोडून दिला होता. हा खर्च त्यावर आणखी. पगार थकले, सावकारी पेढ्यांचे व्याज चढले, कंपनीची थकबाकी फुगली आणि १८५३ मध्ये डलहौसीने तिच्यापोटी वऱ्हाड ताब्यात घेतले. कागदावर मुलूख निजामाचाच राहिला. १९०२ मध्ये कर्झनने तो वार्षिक २५ लाखांवर कायमच्या पट्ट्याने घेतला, आणि अमरावती-अकोल्याच्या कापूसवाल्या रयतेचा राजा एक, सरकार दुसरे ही स्थिती पक्की झाली. निजाम उस्मान अलीने वऱ्हाड परत मागितले, तेव्हा मार्च १९२६ मध्ये व्हाइसरॉय रीडिंगने कळवले की कोणताही संस्थानिक ब्रिटिश सरकारशी बरोबरीच्या नात्याने बोलू शकत नाही, आणि ब्रिटिशांचे सर्वोच्चत्व केवळ तहांवर उभे नाही. सव्वाशे वर्षे जे नुसते व्यवहारात चालत आले होते, ते त्या पत्राने तत्त्व म्हणून मांडले.

हिंदुस्थानाबाहेर हा विचार वेगळ्या वेशात वाढला. अमेरिकी फौज परत जावी म्हणून क्यूबाला १९०१ मध्ये प्लॅट दुरुस्ती आपल्या राज्यघटनेत घ्यावी लागली. क्यूबाचे स्वातंत्र्य राखण्यासाठी हस्तक्षेप करण्याचा अधिकार तिने अमेरिकेला दिला. एका देशाचे स्वातंत्र्य राखणे हे दुसऱ्याचे कलमबद्ध काम ठरले! १९६८ मध्ये प्रागवर सोव्हिएत रणगाडे गेले, तेव्हा ब्रेझनेव्हने स्वातंत्र्याच्या जागी समाजवाद ठेवला. चेकोस्लोव्हाकियाचे नेते दुब्चेक स्वतः कम्युनिस्ट होते, पण समाजवाद धोक्यात आहे की नाही याचा निवाडा मॉस्कोने करायचा होता.

यावर एक आक्षेप वजनदार आहे : दुबळे राज्यकर्ते हे संरक्षण स्वतःच मागून घेतात. बाजीरावाने होळकरांच्या धास्तीने मागितले, क्यूबाच्या एस्त्रादा पाल्मांनी १९०६ मध्ये बंडखोरांविरुद्ध मागितले. हे खरेच आहे, आणि सारा दोष परक्यावर ढकलणारा इतिहास मला अपुरा वाटतो. पण बोलावणे त्यांच्या हाती होते, निरोप देणे नव्हते. बाजीरावाने १८१७ मध्ये सुटायचा प्रयत्न केला आणि गादीच गमावली. दुसरा आक्षेप असा की प्रत्येक करारात बलवानाचे पारडे जड असतेच, मग अंकित कोणाला म्हणायचे? इथे फरक बाहेर पडताना कळतो. फ्रान्सने १९६६ मध्ये नाटोच्या लष्करी रचनेतून अंग काढले, अमेरिकी तळ हलवायला सांगितले, आणि ते हलले. हंगेरीने १ नोव्हेंबर १९५६ रोजी वॉर्सा करार सोडल्याचे जाहीर केले. ४ नोव्हेंबरला बुडापेस्टवर सोव्हिएत हल्ला सुरू झाला.

क्यूबाचे उदाहरण मात्र या कसोटीतही नीट बसत नाही. प्लॅट दुरुस्ती १९३४ मध्ये रद्द झाली आणि १९५९ नंतर क्यूबा अमेरिकेच्या मुठीतून पूर्ण निसटला. तरी ग्वांटानामोचा तळ कायम आहे, कारण १९३४ च्याच करारानुसार दोन्ही बाजू कबूल झाल्याशिवाय किंवा अमेरिकेने स्वतः तळ सोडल्याशिवाय भाडेपट्टा संपत नाही. अमेरिका दरवर्षी भाड्याचा धनादेश पाठवते, आणि हवानाचे सरकार तो वटवत नाही.